देहाची सनद

बेंगळुरूहून बेल्लारी रस्त्याने उत्तरेस येलहंक्याकडे निघाले की हेब्बाळ मागे पडल्यावर गांधी कृषी विज्ञान केंद्राचे विस्तीर्ण आवार लागते, आणि त्या एकाच आवारात दोन विद्या शेजारधर्माने नांदताना दिसतात. १९६४ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाची विद्या ही त्यांतली वडील. याच विद्यापीठाच्या परंपरेतील लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर घडवून ‘इंडाफ’ या नावाने ओळखली जाणारी वाणे सिद्ध केली आणि कर्नाटकातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या खळ्यावरची रास वाढवली. धाकटी विद्या पेशींची आणि जनुकांची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ‘नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस’ आणि त्याच्या लगत २००९ साली मूलपेशींच्या अभ्यासासाठी स्थापन झालेली ‘इनस्टेम’ ही तिची घरे. येलहंक्याच्या पश्चिमेस हेसरघट्ट्याला जावे, तर तेथे केंद्र सरकारच्या संस्थेत जातिवंत वळूंच्या रेतमात्रा गोठवून बाहेर पाठवण्याचे काम चालते, आणि अशा वळूची पारख करताना त्याच्या आईने किती दूध दिले हे आधी पाहिले जाते. धान्य सुधारले, जनावर सुधारले. मग माणूसच का सुधारू नये, हा प्रश्न या परिसरात राहणाऱ्या विचारी मनुष्याला पडल्यावाचून राहत नाही, आणि जो प्रश्न इतक्या सरळपणे पडतो त्याला ‘शांतं पापम्’ म्हणून कानांवर हात ठेवणे हे उत्तर होऊ शकत नाही.

उत्तराचा धागा मात्र त्या वळूच्या पारखेतच सापडतो. वळू सुधारला तो वळूसाठी नव्हे. त्याच्या लेकींनी कासंडी भरावी म्हणून तो सुधारला. नाचणीचे कणीस भरदार झाले तेही नाचणीच्या कल्याणासाठी नव्हे. सुधारणा म्हटली की ती कोणाच्या तरी हेतूने होते, आणि ज्याचा हेतू तो तिचा धनी ठरतो. धान्याच्या आणि जनावराच्या बाबतीत आपण ती धनकी राजरोस पत्करलेली आहे, व ती पत्करताना जनावराचे काय होते हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. पण माणसाला माणसाने जन्मापूर्वीच धनी नेमून द्यावा काय, एवढाच प्रश्न मी येथे विचारणार आहे, आणि त्याचे माझे उत्तर नकाराचे आहे.

नकार नेमका कशाला, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, नाहीतर रोग्याच्या अंथरुणापाशी उभे राहून तत्त्वज्ञान सांगण्याचा निर्दयपणा हातून घडेल. आजारी मनुष्याच्या शरीरातील पेशी काढून, त्यांतील दोष दुरुस्त करून, त्या पुन्हा त्याच्याच शरीरात सोडणे ही चिकित्सा आहे. तिचे फळ त्या मनुष्यापुरते असते, त्याच्या संततीत उतरत नाही, आणि तिला संमती देणारा किंवा नाकारणारा रोगी समोर हजर असतो. इनस्टेमचाच भाग असलेल्या वेल्लोर येथील केंद्राने तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या साहाय्याने हिमोफिलिया झालेल्या पाच रुग्णांवर अशी चिकित्सा करून २०२४ च्या डिसेंबरात तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सिकलसेलवरील ‘कॅसजेव्ही’ हे औषध २०२३ साली ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने मंजूर केले; त्याची अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर आहे, म्हणजे ज्या गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर हा रोग पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून आहे तेथल्या अवघ्या गावाचे उत्पन्न एका रोग्यावर खर्ची पडावे. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या प्रयोगशाळेतून बिरसा मुंडांच्या नावाने देशी उपचार जाहीर झाला आणि त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले, याचा मला आनंदच आहे. या विद्येला माझा विरोध नाही. तिची फळे लवकर आणि स्वस्तात मिळोत.

माझा विरोध आहे तो गर्भ होण्यापूर्वी किंवा तो होता होता त्याच्या मूळ लेखातच फेरफार करण्याला, कारण तो फेरफार त्या जीवाच्या प्रत्येक पेशीत उतरतो आणि त्याच्या मुलांत, नातवंडांत, पणतवंडांत चालू राहतो. हे काल्पनिक राहिलेले नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात शेन्झेनच्या हे ज्यान्कुई या चिनी संशोधकाने आपण दोन जुळ्या मुलींच्या गर्भावस्थेतील ‘सीसीआर५’ हे जनुक कापल्याचे जाहीर केले. पित्याला एचआयव्हीची लागण होती, मुलींना ती कधी होऊ नये असा हेतू सांगण्यात आला. पण अशा पित्याचे वीर्य धुऊन निरोगी संतती मिळवण्याची साधी रीत आधीपासूनच उपलब्ध होती, आणि प्रत्यक्षात झालेला छेद निसर्गात आढळणाऱ्या संरक्षक भेदासारखा नव्हताच. ३० डिसेंबर २०१९ रोजी तेथील न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड ठोठावला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याला धिक्कारले ते मुख्यतः घाई केली म्हणून, आणि नेमके हेच मला अपुरे वाटते. घाई हा अपराध असेल तर सावकाश केलेले तेच कृत्य निर्दोष ठरते.

म्हणून ज्या युक्तिवादांवर भार टाकणे सोपे आहे ते मी आधीच बाजूला ठेवतो. ‘हे देवाचे काम, माणसाने त्यात पडू नये’ असे म्हणणाऱ्याने देवी काढून घेतल्या होत्या की नाही हे विचारावे. निसर्ग पवित्र म्हणावे तर सिकलसेलही निसर्गाचाच. धोक्याचा मुद्दा अधिक वजनदार आहे हे खरे. ज्या जनुकाच्या दोन प्रती आल्या असता मूल वेदनेने तळमळते त्याचीच एक प्रत मलेरियापासून राखण करते, आणि म्हणूनच मलेरियाच्या मुलखात ते टिकून राहिले. एका ठिकाणचा दोष दुसऱ्या ठिकाणी ढाल असतो. साधी उंची घ्या: चोपन्न लाख माणसांच्या अभ्यासातून २०२२ साली असे दिसून आले की तिच्याशी बारा हजारांहून अधिक जनुकीय भेद निगडित आहेत, तेथे बुद्धी, शील, प्रतिभा यांची तर बातच नको. परंतु आजचे अज्ञान हा उद्या उठून जाणारा पहारेकरी आहे. तंत्र निर्धोक झाले, बारा हजार भेद हाताखाली आले, तर काय? तेव्हाही नको, असे ज्याला म्हणावयाचे आहे त्याने दुसरे कारण दिले पाहिजे.

ते कारण शोधताना आपल्या परंपरेकडे वळावे, तर प्रथम ओशाळवाणे व्हावे लागते, कारण हवी तशी संतती मागण्याचा सोस आपल्याइतका क्वचित कोणी केला असेल. पुंसवनाचा संस्कार मुलगाच व्हावा म्हणून सांगितलेला आहे. बृहदारण्यकासारख्या उपनिषदाच्या अखेरीस, ब्रह्मविद्येचे एवढे शिखर चढून आल्यावर, गोरा आणि एक वेद जाणणारा पुत्र हवा तर दूधभात, पिंगट आणि दोन वेद जाणणारा हवा तर दहीभात, सावळा, आरक्त नेत्रांचा, तीन वेद जाणणारा हवा तर पाण्यात शिजवलेला भात, आणि पंडिता कन्या हवी तर तिळाचा भात, असे तुपासकट पाकशास्त्र सांगितले आहे. (गोऱ्याला एक वेद आणि सावळ्याला तीन, हा हिशेब विवाहाच्या जाहिराती देणाऱ्या आजच्या मंडळींनी अवश्य वाचावा, पंडिता कन्येची तरतूदही त्यांनी पाहून ठेवावी.) तेव्हा प्राचीनांनी असला विचारच केला नाही असे म्हणता येत नाही. पण त्यांच्या मागणीत आणि आजच्या मागणीत एक अंतर आहे, आणि ते साधनांच्या शक्तीपुरते नाही. दूधभात खाऊन पती-पत्नी प्रार्थना करीत, आणि प्रार्थनेचे लक्षणच असे की ती ज्याच्यापाशी करावयाची त्याला नकार देण्याचा अधिकार असतो. मूल काळे निघाले, वेद न शिकता गुरे राखू लागले, तरी त्याने कोणाचा करार मोडला असे होत नसे. मागणे होते, पण येणारा मागण्याला बांधलेला नव्हता.

बांधलेले मूल म्हणजे काय, हे महाभारतकारांनी एकदाच, पण विलक्षण स्पष्टतेने दाखवून ठेवले आहे. द्रोणाने अपमान केला, अर्धे राज्य हिरावले, म्हणून द्रुपद सुडाने जळत गंगाकाठी हिंडत होता आणि द्रोणाला मारील असा पुत्र यज्ञातून काढून देणारा ऋत्विज शोधत होता. उपयाज नावाच्या ब्राह्मणाची त्याने वर्षभर सेवा केली, गाईंचे आमिष दाखवले; उपयाजाने साफ नाकारले. मात्र त्याने थोरल्या भावाचे, याजाचे, नाव सुचवले, आणि त्या शिफारशीचे कारण मोठे मार्मिक दिले: आपल्या भावाने एकदा वनात जमिनीवर पडलेले फळ जागेची शुद्धाशुद्ध न पाहता उचलले होते, तेव्हा फळ मिळत असेल तर कोठून मिळते हे न पाहणारा तो आहे, तो तुझे काम करील. विद्या दोघांपाशी सारखीच होती. एकाने ती वापरली नाही, दुसऱ्याने वापरली. विज्ञानाच्या इतिहासात उपयाजांची नावे फारशी राहत नाहीत, आणि त्यातही हा उपयाज भावाचा पत्ता सांगून बसला हे विसरता येत नाही.

पुढचा तपशील तर आजच्या काळासाठीच लिहिला असावा असा आहे. हवि सिद्ध झाला तेव्हा याजाने राणीला बोलावले. राणी म्हणाली, माझे मुखप्रक्षालन व्हावयाचे आहे, अंगाला उटी आहे, थोडे थांबा. याज म्हणाला, हवि मी शिजवला आहे, उपयाजाने तो मंत्रून ठेवला आहे. तू ये किंवा राहा, काम होणारच. (म्हणजे नकार देणारा उपयाजही शेवटी मंत्र म्हणावयास हजर होताच.) आईवाचून मूल निघाले: कवच, किरीट, खड्ग, धनुष्य यांसह ज्वाळेतून बाहेर पडलेला धृष्टद्युम्न. त्याला बालपण नाही. जन्मल्याबरोबर आकाशवाणीने त्याच्या आयुष्याचे काम जाहीर केले. द्रोणानेच त्याला घरी नेऊन अस्त्रविद्या शिकवली, आणि आपल्याला मारण्यासाठीच हा घडवला आहे हे माहीत असून शिकवली. अखेर शस्त्र खाली ठेवून योगस्थ बसलेल्या वृद्ध गुरूचे मस्तक त्याने केस धरून उडवले, अर्जुन ‘मारू नकोस’ म्हणून ओरडत असता उडवले. आणि अठराव्या रात्री अश्वत्थाम्याने त्याला झोपेतून ओढून, शस्त्राने मरण्याची याचनाही नाकारून, लाथांनी मारले. या मनुष्याला आपण शूर म्हणावे की क्रूर? मला वाटते दोन्ही शब्द त्याला लागत नाहीत, कारण त्या वधातले त्याचे स्वतःचे किती आणि बापाने त्याच्यात घातलेले किती, हे त्यालाही सांगता आले नसते. पित्याचा हेतू शरीर धारण करून हिंडत होता, आणि हेतू पुरा झाल्यावर त्याला करण्यासारखे काही उरले नव्हते.

त्याच वेदीतून त्याच्यामागोमाग एक मुलगी निघाली. तिची मागणी द्रुपदाने ऋत्विजांपुढे केलेली नव्हती. ती न मागता आली, आणि सभापर्वात भीष्मद्रोणांसमोर उभे राहून जो स्वतःला हरला तो दुसऱ्याला पणाला लावू शकतो काय हा प्रश्न तिने विचारला, म्हणजे माणसावर माणसाची मालकी कोठपर्यंत चालते हाच प्रश्न विचारला. भीष्मांना उत्तर देता आले नाही. मागवलेला पुत्र आणि न मागवलेली कन्या यांच्यापैकी कोणाच्या अंगी स्वतःचे मन आले, हे व्यासांनी कोठेही शब्दांत सांगितलेले नाही.

आता सिद्धान्ताकडे येतो. मनुष्याला लाभलेल्या देहाचे कारण काय, या प्रश्नाला आपल्याकडे कर्माने उत्तर दिले आणि आधुनिक जीवशास्त्राने यदृच्छेने दिले. एक म्हणते तुझे तूच पूर्वजन्मी मिळवलेस. दुसरे म्हणते, आईबापांच्या जनुकांची सरमिसळ होताना जे पडले ते पडले. ही दोन उत्तरे एकमेकांना छेदणारी आहेत, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे: तुझ्या देहाचा कर्ता दुसरा मनुष्य नाही. आईबाप निमित्त आहेत, रचनाकार नाहीत. पितृऋण आहे, ते जन्म दिल्याचे, वाढवल्याचे आहे, आणि ते आपण संतती वाढवून पुढे फेडतो, मागे नाही. त्यामुळे कोणतेही मूल, कितीही दुर्बळ असो, इतर सर्व माणसांसमोर या एका बाबतीत बरोबरीने उभे राहते की ते कोणाच्या आराखड्याबरहुकूम बनलेले नाही. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी २००१ साली या विषयावर लिहिताना जवळपास याच ठिकाणी बोट ठेवले आहे: दुसऱ्याने जन्माआधी ठरवून दिलेले आयुष्य मनुष्याला पूर्णपणे आपले म्हणता येत नाही. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे; फक्त ते युरोपीय समतेच्या कल्पनेतून तेथे पोहोचले, आणि आपल्याला तेथे पोहोचण्याआधी आपल्याच घरातील एक अडगळ ओलांडावी लागते.

ती अडगळ म्हणजे कर्मसिद्धान्ताचा आपण केलेला उपयोग. ‘तुझे तूच मिळवलेस’ हे वाक्य आत्मनिर्भरतेचे होऊ शकले असते. आपण ते अस्पृश्याला त्याची अस्पृश्यता पटवून देण्यासाठी वापरले. जन्मावरून मनुष्याचे काम, अन्न, पाणवठा आणि मसणवट ठरवून देण्याचा जेवढा दीर्घ अनुभव आपल्या समाजाला आहे तेवढा क्वचितच कोणाला असेल, आणि म्हणून या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आपल्याला असलाच तर तो आपल्या पुण्याईने आलेला नसून या अपराधाच्या जाणकारीने आलेला आहे. वतन म्हणजे काय हे महाराष्ट्राला शिकवावे लागत नाही. सनदेत पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने असे लिहिले की जन्माला न आलेल्या नातवाची चाकरीही त्याच कागदाने पक्की होई. पाटील-कुलकर्ण्यांना ते वतन मानाचे होते. महाराला तेच वेठीचे होते, आणि डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महारवतनासंबंधीचे विधेयक आणले ते या वंशपरंपरेच्या चाकरीतून सुटका व्हावी म्हणूनच. ती वतने कायद्याने खालसा व्हावयास १९५८ साल उजाडले. कागदाची सनद होती म्हणून ती फाडता आली. जनुकात लिहिलेली सनद नातवाने कोणत्या कचेरीत नेऊन रद्द करावी?

येथे हटकून एक आक्षेप येतो. आईबाप मुलाला घडवतातच की; शाळा निवडतात, भाषा देतात, धर्म देतात, चार वर्षांच्या पोराला पहाटे उठवून तबल्याच्या क्लासला पाठवतात. मग जनुकानेच काय बिघडते? हे साम्य वरवरचे आहे. शिक्षणाला उत्तर देता येते. बसवण्णांनी जन्माने आलेले ब्राह्मण्य झुगारले. आंबेडकरांनी १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मणे आपल्या हातात नव्हते, हिंदू म्हणून न मरणे आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ते खरे केले. बापाने लावलेला तबला मुलाला माळ्यावर टाकून देता येतो. संस्कार हा दोन मनांमधला व्यवहार आहे, त्यात दुसरे मन, लहान का असेना, उपस्थित असते आणि ‘नाही’ म्हणायला शिकते. देहाच्या मूळ लेखात घातलेला हेतू कोणाशी बोलतच नाही. तो फक्त अमलात येतो.

यावर कोणी म्हणेल की आईबापांचे हेतू वाईट कशाला असतील. आईबापांवर माझा अविश्वास नाही. अविश्वास आहे तो त्यांच्या तोंडून बोलणाऱ्या समाजावर, आणि त्याला आपल्याच मुलखाचा पुरावा आहे. सुप्रजाजननाची कल्पना आपल्याकडे परकी राहिली नव्हती. पुढे शेकडो वाचकांना प्रणयकथांनी रिझवणारे ना. सी. फडके यांनी १९२७ साली भारतात सुप्रजननाची चळवळ हवी असे प्रतिपादन करणारा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. विवाहाची सांगड हृदयाशी घालणाऱ्या लेखकाने ती एके काळी आनुवंशाशी घातली होती हे आज वाचताना मौज वाटते. कोणी जातिसंस्था हीच प्राचीन सुप्रजननाची योजना होय असे सिद्ध करण्याच्या मागे लागले, आणि आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात त्यांना विचारले की एवढ्या शतकांच्या शुद्धीनंतर निपजलेली प्रजा लष्करभरतीलाही का पुरी पडत नाही. फडक्यांचा ग्रंथ निघाला त्याच सुमारास बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत इरावती कर्वे ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या असमतेत वंशभेद दिसावा अशी तेथल्या विद्येची अपेक्षा होती. बाईंनी मोजून सांगितले की तो दिसत नाही. गुरूला नको असलेले उत्तर परदेशी विद्यार्थिनीने देणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. काही वर्षांतच १९३३ च्या जर्मन कायद्याने सक्तीने निर्बीज करण्यास आरंभ झाला, आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बाईंनी मात्र नंतर ‘युगान्त’ लिहिले, ज्यात माणसे वंशाने मोजली जात नाहीत, केलेल्या निवडीने मोजली जातात.

हा इतिहास जुना वाटत असेल तर अलीकडचा घ्या. त्यासाठी कोणा हुकूमशहाने हुकूम काढला नाही, कोणी निर्बीज केले नाही. केवळ गर्भात मुलगा आहे की मुलगी हे सांगणारे यंत्र दवाखान्यात आले आणि निवड आईबापांवर सोपवली गेली. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ झाल्या, २०११ साली ८९४. कोल्हापूर जिल्ह्यात २००१ साली ८३९ होत्या: शाहू महाराजांचे कोल्हापूर, उसाचे, दुधाचे, शाळा-कॉलेजांचे कोल्हापूर. दारिद्र्याने हे झाले नाही, ऐपतीने झाले. प्रत्येक जोडप्याला आपण स्वतंत्रपणे, खाजगीत, फक्त आपल्या कुटुंबाचा विचार करून निवड करीत आहोत असेच वाटत होते, आणि सर्वांनी मिळून निवडले ते एकच. पुढे दोन प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयात गेली. २००५ च्या प्रकरणात अपत्याचे लिंग निवडणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा दावा होता, २००७ च्या प्रकरणात दोन मुली असलेल्या दांपत्याला गर्भधारणेपूर्वी मुलगा निवडावयाचा होता. न्यायालयाने दोन्ही नाकारली. ज्यांना एका गुणाची निवड दिली असता हे झाले, त्यांना वर्ण, उंची, केस, बुद्धी अशी सगळी यादी हाती दिली तर काय निवडले जाईल हे ओळखायला ज्योतिषी नको. दुकानांत गोरेपणाचे मलम खपते, तेच देहाच्या आत लिहिले जाईल.

आणि मग जातीच्या इतिहासात प्रथमच एक भयंकर गोष्ट घडेल. आजवर जात हे खोटे होते. ब्राह्मणाच्या आणि महाराच्या देहात जो भेद सांगितला जाई तो देहात नव्हता, म्हणून तो खोडून काढता आला. विहीर तीच, रक्त तेच, हे दाखवून देणाऱ्याच्या बाजूला सत्य उभे होते. ज्यांना बावीस लाख डॉलर परवडतात त्यांची मुले आणि ज्यांना परवडत नाहीत त्यांची मुले यांच्यात उद्या खरोखरच लिहिलेला भेद पडला, आणि तो वंशपरंपरेने चालू लागला, तर त्या भेदाविरुद्ध लढणाऱ्याच्या हातातून सत्यच काढून घेतले जाईल. त्याला समता केवळ करुणेवर मागावी लागेल, आणि करुणेवर मिळालेली समता किती दिवस टिकते हे आपल्याला माहीत आहे.

एक प्रकरण मात्र झटकून टाकता येत नाही. दोघेही सिकलसेलचे वाहक असलेले जोडपे. प्रत्येक गर्भाला चारात एक धोका. त्यांनी मुलाचा मूळ लेख दुरुस्त करून मागितला तर त्यांना धृष्टद्युम्नाची गोष्ट सांगावी काय? नाही. त्यांना प्रथम हे सांगावे की दुरुस्तीची गरजच बहुतेक कधी पडत नाही: चारांपैकी तीन गर्भांना तो रोग नसतो, आणि २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याने ज्ञात आनुवंशिक रोगांपुरती गर्भरोपणपूर्व तपासणी करू दिलेली आहे. हीही निवडच आहे, आणि तिच्याबद्दल माझे मन पूर्ण स्वस्थ आहे असे नाही. अपंगांच्या चळवळीतील पुष्कळांना ती बोचते आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. तरी यदृच्छेने आलेल्यांतून एकाचे स्वागत करणे आणि आपल्या आराखड्याने एक घडवणे यांत फरक आहे, आणि तो फरक गमावता कामा नये. उरली दोन्ही आईबापांना तोच रोग असलेली मोजकी जोडपी. त्यांच्या मुलांसाठी जन्मानंतरची चिकित्सा आहे. ती महाग आहे, पण महाग औषध स्वस्त करणे हे समाजाच्या हातात आहे, आणि ते करण्याऐवजी मानववंशाच्या मूळ लेखात हात घालणे हे मला हिशेबाच्या दृष्टीनेही पटत नाही.

भारतात सध्या अशा फेरफाराला मज्जाव आहे तो मूलपेशी-संशोधनाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी. मार्गदर्शक तत्त्वे ही सरकारी संस्थेच्या संशोधकाला बांधतात. खाजगी दवाखान्याच्या मालकाला त्यांचे भय किती, हे गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत आपण पाहिले आहे. महाराष्ट्राने १९८८ साली देशातला पहिला कायदा केला आणि दिल्लीने सहा वर्षांनी, १९९४ साली, त्याचे अनुकरण केले. पण गर्भजल तपासणारे दवाखाने त्यापूर्वीच गावोगाव पसरले होते आणि त्यांचे हितसंबंध तयार झाले होते. आजच्या तंत्राला तेवढे पाय अजून फुटलेले नाहीत. कायदा व्हावयाचा असेल तर आता व्हावा, आणि त्यात शिक्षा असावी ती करणाऱ्या डॉक्टरला आणि त्यात भांडवल घालणाऱ्याला, मुलासाठी झुरणाऱ्या स्त्रीला नव्हे. त्याच कायद्यात आणखी एक कलम असावे असे मला वाटते. मनाई असूनही अशी मुले कोठे ना कोठे जन्मतील. त्यांचा बाप द्रुपदासारखा वागला हा त्यांचा दोष नाही. चीनमधल्या त्या दोन मुली आता शाळेत जाण्याच्या वयाच्या असतील, जगाला त्यांची टोपणनावेच माहीत आहेत, आणि तेवढेच माहीत असावे. आपल्याकडे असे मूल जन्मले तर त्याला आयुष्यभर मोफत उपचार मिळावेत, त्याची हकीकत मोठेपणी कोणाला सांगावी हे ठरवण्याचा हक्क त्याचा एकट्याचा असावा, आणि जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, शाळेच्या दाखल्यावर किंवा विवाहनोंदणीच्या अर्जात त्याच्यासाठी वेगळा रकाना कधीही छापला जाऊ नये.